कानातला बिल्ला आणि सीमेवरचे मांस : एका गाईचा माग काढताना काय कळले

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा खोरे आहे. त्या खोऱ्यातील मॅब्टन गावाजवळच्या एका डेअरी फार्मवरची सुमारे साडेसहा वर्षांची होल्स्टिन गाय ९ डिसेंबर २००३ रोजी मोझेस लेक येथील एका लहान कत्तलखान्यात कापली गेली. व्याल्यानंतर तिला नीट उभे राहता येत नव्हते, अशी तिची नोंद होती. अशा खिळून पडलेल्या जनावरांच्या मेंदूचे नमुने तपासण्याची योजना तेथे सुरू होती, त्यामुळे तिच्या मेंदूचा एक तुकडा आयोवा राज्यातील एम्स येथील सरकारी प्रयोगशाळेकडे गेला. निकाल २३ डिसेंबरला जाहीर झाला : गाईला बीएसई, म्हणजे ज्याला जगभर ‘मॅड काऊ’ म्हणतात तो मेंदूचा रोग होता. दोन दिवसांनी इंग्लंडमधील वेब्रिजच्या प्रयोगशाळेने त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत हा रोग सापडण्याची ती पहिलीच वेळ होती.

तोवर तिचे मांस केव्हाच दुकानांत पोहोचले होते. त्या दिवशी त्या कत्तलखान्यात वीस जनावरे कापली गेली होती आणि या गाईचे मांस उरलेल्या एकोणीस जनावरांच्या मांसापासून वेगळे काढण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्या दिवशीचे सगळेच, म्हणजे १०,४१० पौंड किंवा सुमारे ४,७०० किलो मांस परत मागवण्याची घोषणा करावी लागली. रोगाचे कारण ज्या अवयवांत साठते ते मेंदू आणि मज्जारज्जू आधीच वेगळे काढलेले असल्याने खाणाऱ्यांना धोका फार कमी आहे, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तरीही पन्नासहून अधिक देशांनी अमेरिकी बीफची आयात काही दिवसांतच पूर्ण किंवा अंशतः बंद केली.

त्यानंतर तपास यंत्रणेपुढे एकच प्रश्न उभा राहिला : ही गाय आली कोठून? तिच्या कानातल्या बिल्ल्यावरून आणि जुन्या कागदांवरून माग कॅनडातील अल्बर्टा प्रांतापर्यंत गेला. तिचा जन्म एप्रिल १९९७ चा होता आणि सप्टेंबर २००१ मध्ये ती ८१ जनावरांच्या कळपाबरोबर सीमा ओलांडून आली होती. कागदांवरची ओळख खरी आहे हे ठरवण्यासाठी तिच्या नातलग जनावरांच्या डीएनएशी तिचा डीएनए पडताळून पाहावा लागला. त्या कळपातील इतर जनावरांनी लहानपणी तेच खाद्य खाल्लेले असण्याची शक्यता होती, म्हणून ती शोधणे तितकेच महत्त्वाचे होते. तपास फेब्रुवारी २००४ मध्ये थांबवला तेव्हा ८१ पैकी फक्त २९ जनावरांची ओळख निश्चितपणे पटली होती. बाकीची अनेक जनावरे एव्हाना विकली गेली असतील, मेली असतील किंवा कापली गेली असतील, असा अंदाज करण्यापलीकडे यंत्रणेच्या हाती काही राहिले नाही.

पशुधनाची ओळख ठेवण्याचे कायदे आणि मांसाच्या आयातीचे नियम हे दोन वेगळे विषय वाटतात, प्रत्यक्षात ते एकच आहेत. बंदरावरचा निरीक्षक मांसाचा गठ्ठा उघडून जे पाहू शकतो ते फार थोडे असते. ते जनावर कोठे जन्मले, काय खाऊन वाढले, कोणत्या बाजारातून गेले हे त्या गठ्ठ्यावर लिहिलेले नसते, ते गोठ्यापासून कोणीतरी लिहीत आलेले असावे लागते. आणि हे लिहिण्याचा खर्च व त्रास कोणाच्या वाट्याला येतो, यावर ती नोंद खरी राहील की कागदापुरती उरेल हे ठरते. हा दुसरा भाग सरकारी परिपत्रकांत फार क्वचित सापडतो, म्हणून त्यावर येथे जरा सविस्तर लिहायचे आहे.

दोन रोग, दोन घड्याळे

जनावराचा माग ठेवण्याची गरज का पडते, हे समजण्यासाठी दोन रोग शेजारी ठेवून पाहावेत.

पहिला रोग बीएसई. ब्रिटनमध्ये तो नोव्हेंबर १९८६ मध्ये ओळखला गेला. मेलेल्या आणि कापलेल्या जनावरांचे अवशेष शिजवून त्यांची जी भुकटी तयार होई ती प्रथिनांसाठी पुन्हा गाईंच्याच खाद्यात मिसळली जात असे आणि रोग त्या वाटेने पसरला. त्याचे कारण जिवाणू किंवा विषाणू नाही. घडी बिघडलेले एक प्रथिन, ज्याला प्रायॉन म्हणतात, मेंदूतील चांगल्या प्रथिनांनाही बिघडवत जाते. शिजवल्याने ते नष्ट होत नाही. जिवंत जनावरात ते ओळखण्याची नेहमीच्या वापरातली चाचणी नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण चार ते पाच वर्षे जातात. म्हणजे आज आजारी दिसणारी गाय पाच वर्षांपूर्वी ज्या गोठ्यात होती तेथे पोहोचल्याशिवाय मूळ सापडत नाही, आणि पाच वर्षांत एखादी गाय तीन-चार मालक सहज बदलते.

ब्रिटनने जुलै १९८८ मध्ये असे खाद्य गाई-मेंढ्यांना घालण्यावर बंदी घातली. अमेरिका आणि कॅनडाने ती बंदी ऑगस्ट १९९७ मध्ये आणली. मॅब्टनची गाय त्याच्या अवघे चार महिने आधी जन्मली होती, हे लक्षात घेतले की जन्मतारखेची नोंद किती मोलाची असते हे वेगळे सांगावे लागत नाही.

ब्रिटनमध्ये २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की, माणसांत आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या प्राणघातक आजाराचा बीएसईशी संबंध असण्याची सर्वांत अधिक शक्यता आहे. आठवडाभरात युरोपीय संघाने ब्रिटिश बीफच्या निर्यातीवर जगभरासाठी बंदी घातली. त्या संकटात ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गुरांना रोग झाल्याचे सिद्ध झाले, लाखो जनावरे केवळ खबरदारी म्हणून मारली गेली आणि माणसांतील त्या आजाराने ब्रिटनमध्ये १७८ जणांचा बळी घेतला. तरीही त्याआधी कित्येक वर्षे, बीफ खाण्यास पूर्ण सुरक्षित आहे, असे सरकार लोकांना सांगत आले होते. सरकारच्या शब्दावरचा विश्वास उडाला की तो पुढच्या शब्दाने परत येत नाही, त्यासाठी तपासता येईल असे काहीतरी लोकांच्या हातात द्यावे लागते. ब्रिटनमध्ये ते ‘गुरांचा पासपोर्ट’ या रूपाने आले.

जुलै १९९६ नंतर जन्मलेल्या प्रत्येक वासराला तेथे पासपोर्ट मिळू लागला आणि सप्टेंबर १९९८ पासून कंब्रियातील वर्किंग्टन येथील एका सरकारी कार्यालयातून सगळ्या नोंदी संगणकावर ठेवल्या जाऊ लागल्या. आपल्याकडचा सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला ही पद्धत लगेच समजेल. वासराच्या दोन्ही कानांत एकाच क्रमांकाचे बिल्ले असतात, त्या क्रमांकाच्या नावे जन्मतारीख, जात, आईचा क्रमांक आणि जन्माचा गोठा लिहिला जातो, आणि जनावर हलले की विकणारा व घेणारा या दोघांनीही तीन दिवसांत आपापल्या बाजूने ते कळवायचे असते, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा फेरफार त्यावर चढतो. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर ती विसंगती कार्यालयाच्या यादीत वर येते. मांसाच्या पाकिटावर ते जनावर कोठे जन्मले, कोठे वाढले आणि कोठे कापले गेले हे छापण्याचे युरोपीय बंधन याच नोंदींवर उभे राहिले.

दुसरा रोग आपल्या ओळखीचा आहे : लाळ्या खुरकूत. बीएसई वर्षांच्या हिशेबाने चालतो, लाळ्या खुरकूत तासांच्या. लागण झाल्यापासून दोन ते चौदा दिवसांत तोंडात आणि खुरांत फोड येतात, पण फोड दिसण्याआधीच जनावर विषाणू सोडू लागलेले असते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २००१ मध्ये जे घडले त्यात माग ठेवणे आणि मांसाची आयात हे दोन्ही धागे एकत्र आले. रोगाची पहिली खूण इसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यातील डुकरांत दिसली आणि माग उत्तरेला नॉर्थम्बरलँडमधील एका डुक्करपालन केंद्रापर्यंत गेला. तेथे उपाहारगृहांचे खरकटे पुरेसे न उकळता डुकरांना घातले जात होते. बेकायदा आयात झालेले दूषित मांस त्या खरकट्यातून आत आले असावे, हा निष्कर्ष तज्ज्ञांनी सर्वांत संभाव्य मानला. जवळच्या शेतावरील मेंढ्यांना लागण झाली, त्या हेक्सॅमच्या बाजारात आणि तेथून लाँगटाऊनच्या मोठ्या बाजारात गेल्या, आणि रोग जाहीर झाला त्या दिवसापर्यंत मेंढ्या देशभर पांगल्या होत्या. गुरांना पासपोर्ट होते, मेंढ्यांना एकेकीची ओळख नव्हती. व्यापाऱ्यांमधले काही व्यवहार तर बाजाराच्या वहीत न येता बाहेरच्या बाहेरच होत. सप्टेंबरअखेरपर्यंत २,०२६ ठिकाणी रोग सापडला आणि साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यातली बहुसंख्य जनावरे निरोगी होती. कोण कोणाच्या सहवासात आले हे सांगता येत नसल्याने आसपासच्या सगळ्यांना मारण्याचा मार्ग पत्करला गेला.

सीमेवर नेमके काय तपासतात

रोगांच्या बंदोबस्तासाठी देशांनी एकत्र येण्याची सुरुवातच एका आयातीच्या प्रसंगातून झाली आणि त्या प्रसंगाचा संबंध भारताशी आहे. भारतातून ब्राझीलला निघालेली झेबू जातीची, म्हणजे वशिंड असलेली गुरे १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून गेली आणि त्यांच्यामुळे बेल्जियममध्ये बुळकांडी या गुरांच्या जीवघेण्या रोगाची साथ आली. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिस येथे पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. ज्या बुळकांडीमुळे ती जन्मली तो रोग २०११ मध्ये जगातून पूर्ण संपल्याचे जाहीर झाले.

आज मांसाच्या व्यापाराचे नियम तीन पातळ्यांवर ठरतात. जनावरांच्या रोगांबाबतची मानके ही संघटना ठरवते, खाणाऱ्याच्या आरोग्याबाबतची मानके कोडेक्स हे आंतरराष्ट्रीय मंडळ ठरवते, आणि या दोहोंना व्यापाराचे बळ १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या एका कराराने मिळाले. त्या कराराचे सार असे आहे की, देशाला आपल्या लोकांच्या व जनावरांच्या रक्षणासाठी आयात रोखण्याचा हक्क आहे, पण त्या रोखण्याला शास्त्रीय आधार दाखवावा लागेल आणि आरोग्याच्या नावाखाली आपल्या उत्पादकांना संरक्षण देता येणार नाही.

प्रत्यक्षात आयात करणारा देश बंदरावर फार कमी तपासतो, ही गोष्ट सामान्य ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. अमेरिकेचेच उदाहरण घेतले तर, निर्यात करणाऱ्या देशाची संपूर्ण मांस तपासणी व्यवस्था आपल्या तोडीची आहे की नाही हे अमेरिकेचा कृषी विभाग आधी ठरवतो. त्यानंतर त्या देशाच्या सरकारने नावानिशी प्रमाणित केलेल्या कत्तलखान्यांतूनच मांस येऊ शकते आणि प्रत्येक खेपेबरोबर त्या सरकारच्या पशुवैद्याची सही असलेला दाखला लागतो. बंदरावर प्रत्येक खेपेचे कागद, शिक्के आणि स्थिती पाहिली जाते, पण पाकिटे उघडून किंवा प्रयोगशाळेत नमुने पाठवून केलेली तपासणी काही निवडक खेपांचीच होते. म्हणजे खरा विश्वास परदेशातल्या पशुवैद्याच्या सहीवर असतो आणि ती सही कत्तलखान्यापर्यंतच्या नोंदींवर टेकलेली असते. नोंदी पोकळ असतील तर सहीही पोकळच ठरते. सगळीच पाकिटे उघडून पाहिली तरी बीएसई किंवा जनावराचे वय मांसाच्या तुकड्यावर डोळ्यांना दिसत नाही.

वयाचा मुद्दा जपानने फार काटेकोरपणे धरला. जपानमध्ये सप्टेंबर २००१ मध्ये बीएसई सापडल्यावर तेथील सरकारने ऑक्टोबरपासून कत्तलीच्या प्रत्येक गुराची चाचणी सुरू केली आणि २००३ मध्ये कायदा करून प्रत्येक गुराला दहा आकडी क्रमांक दिला. डिसेंबर २००४ पासून देशी बीफच्या पाकिटावर हा क्रमांक छापणे दुकानांवर बंधनकारक झाले. ग्राहक तो क्रमांक संकेतस्थळावर टाकून त्या गुराची जन्मतारीख, जात आणि ते कोठे कोठे वाढले हे पाहू शकतो. अशा देशाला अमेरिकेने आपले बीफ पुन्हा घ्या म्हटल्यावर, अमेरिकी गुरांचे वय कशावरून ठरवणार, हा प्रश्न येणारच होता. डिसेंबर २००५ मध्ये जपानने वीस महिन्यांपर्यंतच्या गुरांच्या मांसाला दार उघडले, जानेवारी २००६ मध्ये एका खेपेत मनाई असलेले मणक्याचे हाड सापडताच ते बंद केले आणि त्याच वर्षी जुलैत पुन्हा उघडले. ही मर्यादा २०१३ मध्ये तीस महिन्यांवर गेली आणि मे २०१९ मध्ये पूर्णपणे उठली. एका गाईने बंद केलेले दार पूर्ण उघडायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागला.

भारतानेही जागतिक व्यापार संघटनेचा हा करार दुसऱ्या बाजूने अनुभवला आहे. बर्ड फ्लूच्या भीतीने भारताने अमेरिकेतील कोंबडीचे मांस व अंडी यांची आयात रोखली होती. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०१४ मध्ये व अपिलात २०१५ मध्ये निकाल भारताच्या विरोधात गेला. एक आक्षेप असा होता की, एका राज्यात रोग आला म्हणून संपूर्ण देशाचा माल बंद करणे योग्य नाही, रोगमुक्त भाग वेगळा धरायला हवा. हा वाद दोन्ही देशांनी २०२३ मध्ये आपसांत मिटवला. या निकालातला विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण ‘आमचा हा भाग रोगमुक्त आहे’ असे म्हणणाऱ्याला त्या भागात बाहेरून कोणते जनावर आले आणि कोणते गेले हे दाखवता आले पाहिजे. माग ठेवण्याची व्यवस्था नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारताची हीच अडचण आहे. भारताला बीएसईच्या बाबतीत २०१० पासून ‘नगण्य धोका’ असा दर्जा आहे, परंतु लाळ्या खुरकूत देशातून गेलेली नाही. म्हणून निर्यातीचे मांस हाडे व लसीका ग्रंथी काढून पाठवले जाते आणि त्याआधी ते थंड खोलीत चोवीस तास मुरवून त्याची आम्लता अशा पातळीवर आणली जाते की लाळ्या खुरकूतचा विषाणू त्यात टिकत नाही. ही प्रक्रिया शास्त्रीयदृष्ट्या चांगली आहे आणि अनेक देश ती मान्य करतात, पण अमेरिका आणि जपानसारख्या सर्वांत चांगला भाव देणाऱ्या बाजारपेठा तेवढ्यावर समाधान मानत नाहीत.

खर्च कोणी सोसायचा

मॅब्टनच्या गाईनंतर अमेरिकेच्या कृषी विभागाने २००४ मध्ये सगळ्या पशुधनासाठी ओळख व्यवस्थेची घोषणा केली. रोग आढळल्यापासून ४८ तासांत जनावराचा संपूर्ण माग लावता यावा, असे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्येक गोठ्याला क्रमांक, प्रत्येक जनावराला क्रमांक, आणि प्रत्येक हालचालीची नोंद. कागदावर यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. तरीही २००६ मध्ये ती ऐच्छिक आहे असे सांगण्याची वेळ विभागावर आली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तर ती मोडीत काढावी लागली.

विरोध करणाऱ्यांना अडाणी किंवा संशयी म्हणून मोडीत काढणे सोपे होते आणि अनेकांनी तसे केलेही. माझ्या मते त्यांचा मुख्य आक्षेप खरा होता. हजारो डुकरे किंवा कोंबड्या एकाच वेळी आत घेऊन एकाच वेळी कत्तलीला पाठवणाऱ्या मोठ्या कंपनीला त्या सगळ्या गटासाठी एकच क्रमांक पुरत होता. दहा गाई, चार शेळ्या आणि वर्षभर थोडी थोडी विक्री करणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र प्रत्येक जनावराला वेगळा बिल्ला, प्रत्येक विक्रीला वेगळी नोंद आणि ती वाचणारे यंत्र घ्यावे लागले असते. म्हणजे ज्यांच्याकडून रोग देशभर पसरण्याची शक्यता कमी, त्यांच्यावर जनावरामागे खर्च जास्त. शिवाय ही माहिती कोणाच्या हाती जाईल याची भीती होती, आणि आमिशसारख्या काही पंथीय समाजांचे धार्मिक आक्षेपही होते.

त्यानंतर २०१३ मध्ये आलेला नियम फार मवाळ होता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या, ठरावीक वयाच्या गुरांपुरती ओळख आवश्यक झाली, आणि त्यातही नुसत्या डोळ्यांनी वाचायचे धातूचे बिल्ले चालत. असा छोटा बिल्ला वाचायचा तर गाईला लोखंडी खोड्यात अडकवून, तिचे कान धरून, त्यावरचा चिखल पुसून आकडे लिहून घ्यावे लागतात, आणि लिहिताना एक आकडा चुकला तर माग तेथेच तुटतो. म्हणून नोव्हेंबर २०२४ पासून अठरा महिने व त्यावरील खच्ची न केलेली गुरे, दुग्धव्यवसायातील गुरे आणि प्रदर्शनांत नेली जाणारी गुरे राज्याबाहेर नेताना त्यांना यंत्राने वाचता येणारा बिल्ला लागतो. बिल्ल्यांसाठी अमेरिकी काँग्रेसने १.५ कोटी डॉलरची तरतूद केली, म्हणजे खर्चाचा प्रश्न वीस वर्षांनी का होईना गंभीरपणे घेतला गेला. मांसासाठी लगेच पाठवली जाणारी कमी वयाची गुरे मात्र या नियमाबाहेरच आहेत.

ग्राहकाला माहिती देण्याच्या बाबतीत तर अमेरिकेत उलटेच घडले. बीफ आणि डुकराच्या मांसावर मूळ देशाचे नाव छापण्याची सक्ती २००९ पासून अमलात होती. कॅनडा आणि मेक्सिकोने ती भेदभावाची आहे म्हणून जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, कारण परदेशी गुरे वेगळी ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी अमेरिकी कत्तलखाने ती घेईनासे झाले होते. निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला आणि डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसने ती सक्ती रद्द केली. निकालामागे एक महत्त्वाचे निरीक्षण होते : उत्पादकांकडून जितकी माहिती गोळा करायला लावली जाते तितकी ती ग्राहकापर्यंत पोहोचत नाही. गोठ्यात नोंद करून घ्यायची आणि दुकानात ती दाखवायची नाही, असा व्यवहार शेतकऱ्यालाही रास्त वाटत नाही.

उरुग्वेने वेगळा मार्ग घेतला. त्या छोट्या देशात माणसांपेक्षा गुरांची संख्या तिप्पट-चौपट आहे आणि बीफ ही त्याची मोठी निर्यात आहे. लाळ्या खुरकूतच्या २००१ च्या साथीत बाजारपेठा गमावल्यावर २००६ पासून त्याने प्रत्येक वासराला दोन बिल्ले सक्तीचे केले, एक डोळ्यांनी वाचायचा आणि एक यंत्राने, आणि त्यांचा खर्च सरकारने उचलला. त्यामुळे लहान शेतकऱ्याला बिल्ला नाकारण्याचे कारण उरले नाही. शेतकरी सहकार्य करत नाहीत अशी तक्रार जेथे जेथे ऐकू येते, तेथे आधी उरुग्वेच्या या निर्णयाकडे पाहावे असे मला वाटते.

महाराष्ट्रातला पिवळा बिल्ला

आपल्या गोठ्यांत आता दिसणारा बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला याच विचाराचा भाग आहे. लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सप्टेंबर २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांच्या तरतुदीसह सुरू झाला आणि लसीकरणाबरोबर बिल्ला मारून त्याची नोंद संगणकावर करण्याचे काम वाढले. आज ती नोंद ‘भारत पशुधन’ या प्रणालीवर होते. क्रमांकाच्या नावे जनावराची जात, वय, मालक, लसीकरण, कृत्रिम रेतन आणि वेत यांची माहिती असते.

या नोंदीत कोणती उणीव आहे हे लम्पीने दाखवले. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात लम्पी चर्मरोग आढळला आणि काही आठवड्यांतच सरकारला संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करून गुरांचे बाजार आणि वाहतूक बंद करावी लागली. हा रोग प्रामुख्याने चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे पसरतो, त्यामुळे केवळ माग ठेवून तो थांबला असता असे म्हणता येणार नाही. पण बाधित गावातून गेल्या महिन्यात कोणती गुरे कोणत्या बाजारात गेली हे माहीत असते, तर ज्या तालुक्यांचा त्या बाजारांशी संबंधच नव्हता तेथील बाजार सुरू ठेवण्याचा विचार तरी करता आला असता. सणासुदीच्या आणि हंगामाच्या तोंडावर जनावर विकून पैसा उभा करणाऱ्या कुटुंबांना ती बंदी फार जड गेली. माहिती नसण्याची किंमत तेव्हा त्यांनी मोजली.

राज्य सरकारने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या पशुधनाच्या खरेदी-विक्रीला, वाहतुकीला आणि बाजारातील प्रवेशाला मनाई केली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील सेवा आणि वीज पडून किंवा वन्य प्राण्याच्या हल्ल्यात जनावर मेल्यास मिळणारी भरपाई हीसुद्धा बिल्ल्याशी जोडली गेली. बिल्ला सरकारकडून मिळतो, ही उरुग्वेसारखीच जमेची बाजू आहे. भरपाईशी जोडल्याने शेतकऱ्याला बिल्ल्याचा थेट उपयोगही दिसतो, आणि हेही योग्यच झाले.

परंतु बिल्ला असणे आणि माग असणे यात अंतर आहे. आठवडी बाजारात बैल किंवा म्हैस हातोहात विकली जाते, पैसे रोख मोजले जातात, दावे हातात दिले जाते आणि दोघेही आपापल्या वाटेने जातात. त्या दिवशी प्रणालीवर मालकी बदलली नाही तर कानातला क्रमांक जुन्याच मालकाच्या नावे राहतो. मधला व्यापारी आठवड्यात तीन बाजार फिरून जनावर चौथ्या जिल्ह्यात विकतो, तेव्हा मधल्या सगळ्या थांब्यांची नोंद कोठेच उमटत नाही. हेक्सॅम आणि लाँगटाऊनच्या बाजारांत २००१ साली हीच फट होती. ती बुजवायची तर बाजार समितीच्या फाटकावर जनावर आत येताना आणि बाहेर जाताना बिल्ला वाचणारा माणूस, त्याच्या हाती चालणारे यंत्र आणि नेटवर्क लागेल, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून न येता बाजार समितीच्या किंवा सरकारच्या खर्चाने आले पाहिजे.

तोवर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने एक काळजी घ्यावी. सौदा ठरल्यावर पैसे देण्याआधी बिल्ल्यावरचे बाराही आकडे दोघांनी वाचून घ्यावेत, त्या क्रमांकाच्या नावे कोणाची नोंद आहे ते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मालकी बदलून घ्यावी, आणि बिल्ला कुंपणात किंवा झाडीत अडकून पडला असेल तर नवा बिल्ला मारताना जुना क्रमांक सांगावा, म्हणजे जनावराची आधीची लसीकरणाची आणि वेतांची नोंद नव्या क्रमांकाशी जोडली जाते. जुना क्रमांक कोणालाच ठाऊक नसेल तर ते जनावर प्रणालीत नव्याने दाखल होते आणि त्याचा आधीचा सगळा इतिहास तेथेच तुटतो.